मदत हवी आहे: जिनिंगमध्ये बायांची रोजी कमी, अर्ज कुठं करावा?
नमस्कार मंडळी, तालुक्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तीन हंगामापासून जाते मी. आम्हा बायांले कवडी (खराब कापूस) अन् कचरा वेचायचं काम, दिवसभर खाली बसून, नाकातोंडात कापसाची भुकटी, रोजी 250. माणसं मशीनवर, गाठी बांधायच्या प्रेसवर, त्यांले 450 अन् पीएफही त्यांचाच, आमचं नाव फक्त ठेकेदाराच्या वहीत. मुनीम म्हणते बायांचं काम हलकं, एक दिवस बसून दाखव म्हणा बाप्पा! बरं सरकीची पोती भरायले तर दोघंही असतो, तवाही रोजी वेगळीच.

भाचीनं आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन केलं, तिलेही वेचणीतच बसवलं, पोरीच्या जातीले वायर कशाले म्हणे.

1976 च्या समान वेतन कायद्यात सारख्या कामाले सारखी मजुरी होती, तेच आता 2019 च्या वेतन संहितेत आलं हे माहीत आहे. पण पैसे नगदी, पावती नाही, मंग पुरावा काय द्यावा? सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे कोणी अर्ज केला का, नाव गुप्त ठेवतात का? पुढच्या हंगामात कामावर घेतलं नाही तर काय, म्हणून बाकीच्या बाया सही करायले भेतात. अन् भाचीले कुठं अप्रेंटिस लागता येईल तेही सांगा.