वृद्धाश्रमात डॉक्टर, फिजिओ, दात-कान-डोळ्यांची तपासणी नियमित व्हावी म्हणून काय व्यवस्था लावावी? (कोल्हापूर)

पन्हाळारोड_व्यवस्था

नमस्कार मंडळी. पन्हाळा रस्त्यावर वाघबीळच्या अलीकडे आमचा वृद्धाश्रम आहे. एकूण ३४ आजी-आजोबा, त्यातले ९ अंथरुणावरच. दिवसा एक एएनएम (सहायक परिचारिका) सिस्टर, रात्री दोन मावशी आणि एक मामा.

सध्या कुणाला काही झालं की गाडी करायची, सोबत एक मावशी द्यायची आणि सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) नाहीतर शाहूपुरीतला एखादा दवाखाना गाठायचा. केसपेपर, तपासणी, रक्त, रिपोर्ट यात दिवस जातो. माणूस दमून परत येतं आणि इथं बाकीच्यांकडे बघायला एक हात कमी पडतो. दात, कान, डोळे, गिळताना लागणारा ठसका, चालायला लावणं, हे सगळं तर राहूनच जातं, कारण त्यासाठी म्हणून कुणी गाडी काढत नाही.

एक डॉक्टर महिन्यातून एकदा यायला तयार आहेत. त्यांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून काय तयारी ठेवावी? फोनवर किंवा व्हिडिओवर औषध लिहून घेणं कितपत चालतं? आणि सत्तरीपुढच्यांच्या पाच लाखांच्या कार्डाचा आम्हाला नेमका काय उपयोग? जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

डॉ_राजारामपुरी

महिन्यातून एकदा कमी पडेल. त्याच डॉक्टरांना १५ दिवसांनी, ठरलेल्या वारी, दोन तासांसाठी यायची विनंती करा. "सवड होईल तेव्हा येतो" ही व्यवस्था दोन महिन्यांत मोडते, ठरलेला वार टिकतो. आणि ३४ जणांना एका फेरीत दाखवू नका. दोन तासांत ८ ते १० जण नीट बघून होतात, त्यापुढे नुसती नाडी धरणं होतं.

आदल्या संध्याकाळी सिस्टरनी यादी करायची. आधी ज्यांच्यात पंधरा दिवसांत काही बदललंय ते: जेवण कमी झालं, पडले, झोप उलटीपालटी झाली, वजन दोन किलोनं घटलं. मग ज्यांच्या गोळ्यांचा आढावा राहिलाय ते. फक्त बीपी-शुगर बघायचे असतील ते यादीत नकोत, ते काम सिस्टरचं.

प्रत्येकाची एक फाईल, आणि फाईलच्या पहिल्या पानावर एवढंच: नाव, वय, जुने आजार, कशाची ॲलर्जी, चालू गोळ्या मिलिग्रॅम आणि वेळेसह, शेवटचं क्रिएटिनिन (किडनीचं), सोडियम, हिमोग्लोबिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), आणि नातेवाइकाचा फोन. जुने रिपोर्ट मागे. हे पान नसलं की डॉक्टरांचा अर्धा वेळ पिशवीतली पाकिटं वाचण्यात जातो आणि एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं दोनदा चालू राहतं. वृद्धाश्रमात हे फार दिसतं. सीपीआरची चिठ्ठी वेगळी, खाजगीची वेगळी, दोन्हीत ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी, आणि मग आजी उठताना भोवळ येऊन पडतात.

फोन करतानाही क्रम ठरवून ठेवा. कोण, काय बदललं आणि कधीपासून, मग बीपी, नाडी, मिनिटाला श्वास किती, ताप, ऑक्सिजन, शुगर, शेवटची लघवी आणि संडास कधी, गेल्या दोन आठवड्यांत कुठली गोळी नवीन. "आजोबा बरे वाटत नाहीत" एवढ्यावर कुठलाही डॉक्टर "घेऊन या" असंच म्हणणार. आकडे मिळाले तर निम्मी कामं जागेवर होतात.

टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचाराचे, नियम २५ मार्च २०२० ला आलेत. तुमच्या कामाचं एवढं. डॉक्टरांनी त्याच आजारासाठी रुग्णाला प्रत्यक्ष पाहून सहा महिने उलटले नसतील तर ते पुढची तपासणी धरलं जातं. अशा वेळी चालू गोळ्या पुन्हा लिहून देणं, गरज पडली तर त्यात एखादी भर घालणं फोनवर चालतं. सहा महिने उलटले की ती पहिलीच भेट. म्हणून १५ दिवसांच्या फेऱ्या अशा लावा की प्रत्येक जण सहा महिन्यांत किमान एकदा प्रत्यक्ष बघून होईल. अल्प्राझोलमसारख्या गुंगीच्या गोळ्या आणि मॉर्फिन व्हिडिओवर लिहिता येत नाहीत, ती चिठ्ठी प्रत्यक्षच घ्या. रुग्णाचं भान शाबूत असेल तर त्याच्या वतीनं बोलण्यासाठी त्याचं सहीचं पत्र फाईलला लावा. सरकारी ई-संजीवनी मोफत आहे, पण ओळखीचे डॉक्टर रुग्णाला आधीपासून ओळखतात, त्याची सर तिला नाही.

रक्ताबद्दल थोडं. लॅबचा माणूस आश्रमात येऊन नमुने घेतो, ती सोय कोल्हापुरात सहज मिळते. पण नमुना गाडीवर तीन-चार तास फिरला तर पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं आणि साध्या नळीतली शुगर खोटी कमी. शुगरसाठी राखाडी टोपणाची नळी वापरायला सांगा. आणि ज्या दिवशी आश्रमात नमुने घ्यायचेत त्या दिवशी लॅबवाल्याचा पहिला थांबा तुमच्याकडे नको, शेवटचा तुमच्याकडे ठेवून तो थेट लॅबला जाऊ दे.

सिस्टर_कसबाबावडा

डॉक्टरसाहेबांचं पटलं, एक भर घालते. डॉक्टर फेरीवर असताना फक्त सिस्टर सोबत असून भागत नाही. जी मावशी त्या आजींना रोज अंघोळ घालते, भरवते, तिला त्या दोन मिनिटांसाठी उभं करा. पाठीवरची लाली, खाताना लागणारा ठसका, लघवीचा बदललेला वास हे तिला आधी कळतं, पण विचारल्याशिवाय ती बोलत नाही.

लेखी आदेश डॉक्टरांकडून सही करून घ्या, नाहीतर रात्रीच्या मावशी-मामा अडकतात. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल ५०० (अशक्त माणसाला दिवसात चारपेक्षा जास्त नको), जुलाबाला ओआरएस, शुगर ७० च्या खाली गेली तर काय करायचं. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. आणि ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेणाऱ्याची शुगर एकदा वर आली म्हणून सोडून देऊ नका, त्या गोळीचा असर लांबतो, चोवीस तास लक्ष ठेवा. एकादशीला हमखास हेच होतं. आजी उपास धरतात आणि सकाळची गोळी मात्र नेहमीप्रमाणे जाते. उपासाचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच खुणेनं दाखवा आणि त्या दिवशीची गोळी-इन्शुलिन डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून घ्या.

अचानक, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत, माणूस बरळायला लागलं किंवा नुसतं झोपून राहायला लागलं तर "वय झालं" म्हणू नका. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, नवी गोळी, यातलं काहीतरी असतं. त्याच दिवशी फोन.

गिळण्याबद्दल जीव तोडून सांगते. भरवताना पाठ सरळ, नव्वद अंशात. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. चमचा चहाचा, एक घोट उतरल्यावरच दुसरा. पाणी आणि पातळ रस्सा हेच सगळ्यात जास्त फुप्फुसात जातं, नाचणीची घट्टसर आंबील सोपी. भडंग, कोरडे पोहे, दुधात अर्धवट भिजलेली भाकरी हे बंद, कारण पातळ आणि तुकडा एका घासात आला की गिळण्याची गफलत होते. जेवणानंतर आवाज ओला, गुळगुळीत येत असेल तर ते ठसक्याइतकंच धोक्याचं. अशा पाच-सहा जणांची नावं काढा आणि स्पीच थेरपिस्टना एका दिवसासाठी बोलवा. त्या प्रत्येकाला किती घट्ट चालेल ते ठरवून देतील, ते स्वयंपाकघरात चिकटवा. गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून देऊ नका. नावापुढे एसआर, ईआर (हळूहळू विरघळणारी गोळी) असेल किंवा पॅन्टोप्राझोलसारखं वरचं आवरण असेल तर कुटल्यावर औषध एकदम जास्त उतरतं किंवा त्याचा उपयोगच होत नाही. त्याऐवजी पातळ औषध मागा.

रंकाळा_फिजिओ

फिजिओला रोज बोलवायची गरज नाही आणि ते परवडतही नाही. आठवड्यातून एक फेरी पुरते, पण त्या फेरीतला निम्मा वेळ मावशी-मामांना शिकवण्यात गेला पाहिजे. आठवड्याचा एक तास व्यायाम स्नायूंना पुरत नाही, बाकीचे सहा दिवस तेच करवून घेणार आहेत.

पहिल्या फेरीत चालणाऱ्या प्रत्येकाची एक चाचणी घ्या. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंदांच्या पुढे गेलं की पडण्याचा धोका. मग बीपी: पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा, उभं केल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर तो कागद डॉक्टरांच्या फेरीत पहिला ठेवा. तिथं व्यायामाआधी गोळ्या बघाव्या लागतात.

वॉकर दान येतात, पण माणसाला मापून कुणी देत नाही. हात सैल सोडून उभं केल्यावर मुठीची जागा मनगटाच्या घडीला यायला हवी, कोपर थोडं वाकलेलं. तळाचं रबर झिजून पत्रा दिसायला लागला की ओल्या फरशीवर वॉकरच पाडतो. रबराच्या टोप्या सुट्या मिळतात, डझनभर आणून ठेवा.

अंथरुणावरच्या ९ जणांना दर दोन तासांनी कूस बदलायची, पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी लावून तीस अंश. हवेची गादी असली तरी हे चुकत नाही. टाचा पोटरीखाली उशी ठेवून अधांतरी. दाबून पाहिल्यावर लाली जात नसेल तर जखमेची सुरुवात झालीच समजा, तिथं मालिश करू नका, खालची कातडी आणखी फाटते.

पन्हाळारोड_व्यवस्था

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या पानाचा तक्ता सिस्टरनी आजच करायला घेतलाय. दात-कान-डोळे आणि कार्डाचं कुणी सांगेल का? बऱ्याच जणांचे अंगठे उमटत नाहीत.

कागद_मदत

कार्डाचं सांगतो. आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. वय ७० पूर्ण हवं, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पती-पत्नी दोघं सत्तरीपुढचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. पण हे भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. ओपीडी, रोजच्या गोळ्या, फिजिओची फेरी यात येत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर महिन्याचं बजेट मांडू नका. माजी सैनिक असतील तर ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) किंवा हे, एकच निवडावं लागतं.

अंगठा उमटत नसेल तर आयुष्मान ॲपवर चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, उजेड समोरून पडू द्या. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा, तो बहुतेकांचा मुलाच्या जुन्या नंबरला असतो. आधी ते बदला. अंथरुणावरच्यांसाठी आधारचं काम जागेवर येऊन करून देण्याची सोय आहे, अर्ज करा. हे सगळं माणूस धडधाकट असताना उरका. भरतीच्या रात्री काही होत नाही.

रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी तुमच्या हद्दीतलं प्राथमिक आरोग्य केंद्र धरा. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात, २०१०-११ पासून, घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे आरोग्य कर्मचाऱ्यानं जाऊन यावं अशी तरतूद आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना ९ जणांच्या नावांसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर जातं. सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांची वेगळी रांग हवी हे २००७ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये आहे, सोबत जाणाऱ्या मावशीला हे माहीत असू द्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्यासाठी रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला फाईलमध्ये तयार हवा.

दात-कान-डोळे एका दिवशी एकत्र करू नका, तिन्हीला वेगळी तयारी लागते. कानाच्या तपासणीआधी आठवडाभर मळ मऊ करणारे थेंब घालायचे (पडद्याला भोक किंवा कान वाहत असेल तर नाही), नाहीतर डॉक्टर येऊन मळ बघून परत जातात. बऱ्याचदा मळ निघाला की ऐकू येतं, मशीन लागतच नाही. कवळ्यांवर नाव घाला, रात्री काढून पाण्यात. दात नसले तरी हिरड्या रोज पुसायच्या, तोंड अस्वच्छ राहिलं की त्यातूनच छातीचं इन्फेक्शन होतं.

डॉ_राजारामपुरी

एक गोष्ट राहिली, तुमची जागा बघता महत्त्वाची. पावसाळ्यात केर्लीजवळ रस्ता बंद होतो. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीत महामार्गही पाण्याखाली होता, म्हणजे औषधांचा माल शहरातच पोचत नव्हता. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पंचगंगा ३९ ला पोचायची वाट न बघता जूनमध्येच प्रत्येकाच्या १५ दिवसांच्या जादा गोळ्या भरा. डायलिसिसवर कुणी असेल तर ३९ ला शहरात हलवा, ४३ ला गाडी निघणार नाही. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशात, फ्रीजच्या दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. गोठलेलं इन्शुलिन टाकून द्यायचं. चालू कुपी थंड जागी बाहेर ठेवली तरी साधारण २८ दिवस चालते, उघडल्याची तारीख लिहा.

ऑक्सिजन मशीन विजेवर आहे, म्हणून सोबत सिलिंडर हवाच. बी-टाईप भरलेला सिलिंडर साधारण १५०० लिटरचा, मिनिटाला २ लिटरनं साडेबारा तास. जंबो ७००० लिटरचा, त्याच वेगानं दोन दिवसांवर. चावी सिलिंडरलाच साखळीनं बांधा आणि रात्रीच्या मामांकडून रेग्युलेटर बसवून, उघडून, बंद करून घ्या, दर महिन्याला.