गावात मनाचा दवाखाना : आशाताईंना शिकवायचं की डॉक्टरच पाहिजे?

राधानगरीकर: वाडीवस्तीवरच्या माणसाला मनाचा डॉक्टर गाठायचा तर एसटी धरून कोल्हापूर, आणि सरकारी मनोरुग्णालयात ठेवायची वेळ आली तर आंबा घाट उतरून थेट रत्नागिरी. रोजगार बुडवून कोण जातंय? माझं मत, झिम्बाब्वेसारखं करा. तिथं कोटभर लोकांना मोजून दहा-बारा मनोविकारतज्ज्ञ, मग डॉ. डिक्सन चिबांडांनी २००६ साली हरारेत वस्तीतल्या आज्ज्यांनाच ट्रेनिंग दिलं, दवाखान्याबाहेर बाकडं टाकलं, १४ प्रश्न विचारायचे आणि मग निवांत बोलायचं. २०१६ ला अभ्यास छापून आला त्यात सहा महिन्यांनी आज्जीशी बोललेल्यांपैकी १४ टक्क्यांना त्रास राहिलेला, नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांत निम्म्यांना. आपल्याकडं आशाताई हायतच की.

पेठेतला_गडी: हायतच की म्हणजे? बाळंतपण, लसीकरण, सर्वे सगळं त्यांच्याच डोक्यावर आणि मानधनासाठी परत मोर्चे काढायचे. त्यात आता गावाचं दुःख पण त्यांनीच ऐकायचं का भावा?

शिरोळची_सून: मुद्दा वेगळाच आहे. आशाताई आमच्याच भावकीतली. नवरा पिऊन मारतो, झोप लागत नाही, जीव नको वाटतो हे मी तिला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गिरणीत चर्चा. महापुरानंतर कितीजणी रात्रभर टक्क जाग्या असायच्या, कुणी बोललं का? त्यापेक्षा १४४१६ बरा, टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, तिचा नंबर, फुकट आहे. पण घरात फोन एक आणि सासू शेजारी बसलेली, तेव्हा तेही अवघडच म्हणा.

सिस्टर_भुदरगड: बोलून उदासी कमी होते, मान्य, पण ज्याला कानात आवाज येतात त्याला बाकड्यावर बसवून काय करणार? त्याला गोळी पाहिजे, रोज पाहिजे, आणि आरोग्य केंद्रात गोळ्या संपल्या की पेशंट परत देवऋषाकडं. आधी औषधं आणि महिन्यातनं ठरलेल्या दिवशी येणारा डॉक्टर द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १८ ला उपचाराचा हक्क लिहिलाय, कागदावर छान दिसतोय.

राधानगरीकर: सिस्टर, आवाज येणाऱ्याला डॉक्टरच, त्यात वाद नाही. आज्ज्यासुद्धा जीव द्यायचं बोलणाऱ्याला वरच्या माणसाकडं पाठवतात, एकट्याच सांभाळत बसत नाहीत. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेत डिप्रेशन, चिंता असल्या आजारांचे ८५ टक्के लोक उपचाराशिवाय होते, एवढ्यांना डॉक्टर कुठनं आणणार? आणि झिम्बाब्वे लांब वाटत असेल तर गोवा घ्या, मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि संगत संस्थेनं आरोग्य केंद्रातच डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशन शिकवलं, सहा-आठ बैठका, डिप्रेशनवर फरक पडला, २०१७ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आलंय. शिरोळताईंचं पटतंय, बाई शेजारच्या गावातली नेमावी, भावकीतली नको.

पेठेतला_गडी: गोव्यात त्या माणसांचं तेच काम होतं, पगारी, वर देखरेख. तू त्यातलं स्वस्त तेवढं उचलतोयस. असली योजना पेपरात फोटो काढण्यापुरती चालती.

राधानगरीकर: मग वेगळी बाई, वेगळं मानधन. मी कुठं फुकट म्हणालो?

पेठेतला_गडी: पहिल्या पोस्टीत आशाताई हायतच की म्हणालास. आता मानधन किती आणि कोण देणार ते लिही, मग बोलू.