मँचेस्टरला सायकल जरूर घ्यावी
मँचेस्टरच्या विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या भाचीला तिथे सायकल घेऊन द्यावी का, या तुमच्या प्रश्नावर पावसामुळे सायकल नको, बसपासच काढून द्या, असं एकाने सुचवलंय. मला पटत नाही. तिथला पाऊस बहुतेकदा रिपरिप असतो. जाकीट आणि मडगार्ड चांगले असले की निभतं. खोली फॅलोफील्ड या विद्यार्थ्यांच्या वस्तीत मिळाली तर उत्तमच! तिथून विल्म्सलो रोड, ऑक्सफर्ड रोडने विद्यापीठापर्यंत सायकलींची वेगळी मार्गिका आहे, बसथांब्यांच्या मागून जाणारी. रस्ताही सपाट. काळजी आहे ती चोरीची. सायकल जुनी, साधी घ्या, पण डी-लॉक (इंग्रजी D च्या आकाराचं कडक लोखंडी कुलूप) भक्कम घ्या. फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही सायकली लावायच्या लोखंडी कठड्याला अडकवायला सांगा. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा कायद्यानेच लागतो. हेल्मेटची सक्ती नाही, तरी तिला ते घालायला लावाच.