जिम उघडली, पण तुम्ही गेलात का?

2020 च्या दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला, कोरोनामुळे बंद असलेल्या महाराष्ट्रातल्या जिम उघडल्या. केंद्राची परवानगी ऑगस्टमध्येच आली होती. पहिल्या दिवशी ट्रेडमिलला झेंडूचा हार आणि शेजारी सॅनिटायझरची बाटली. वीस मिनिटं चालले. घरी येऊन कपडे थेट बादलीत, आणि दोन दिवस सासूबाईंच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तुम्हाला कितपत सुरक्षित वाटलं? मोकळेपणाने लिहा, जिमवाल्यांनीही.

ठाणे
रक्तातला ऑक्सिजन 95 टक्क्यांच्या खाली असेल तर व्यायाम नाही, असा नियम होता. माझी बोटं गारठलेली, बोटाला लावायचं मशीन दाखवतंय 93! मागे रांग. तळवे चोळून परत बोट घातलं, 98. घाम तिथेच फुटला. आत ट्रेनर फडकं घेऊन प्रत्येक डंबेलमागे धावत होता; खिडक्या मात्र बंद आणि एसी चालू. मी खिडकी उघडली तर एक काका म्हणाले, "डास येतात हो." दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही.

कोल्हापूर
आमची तालीम. जोर-बैठका लांब लांब उभं राहून मारता येतात, पण कुस्ती सहा फुटांवरून कशी धरायची? वस्तादांनी लढती बंदच ठेवल्या. माती उकरायची आणि घरी जायचं.

पुणे
ताई, मी झुंबावाली, म्हणजे गाण्यावर नाचत व्यायाम करणारी. दक्षिण कोरियात चोनान शहरातल्या डान्स क्लासांमधून 112 जणांना लागण झाल्याचं वाचलं. तिथलीच एक बाधित शिक्षिका योगा आणि पिलाटेसही शिकवायची, त्या वर्गात मात्र कोणालाच झाली नाही. धापा टाकण्याचा फरक असावा! तेव्हापासून गच्चीवर सूर्यनमस्कार.

पिंपरी, जिमवाला
आमचंही ऐका. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा कुलूप. भाडं चालू, मशीनचे हप्ते चालू. वर्षाची फी भरलेले म्हणायचे, महिने वाढवून द्या, दिले. जानेवारी 2022 मध्ये आधी बंदचा आदेश, आणि लगेच बदल: निम्मी क्षमता, मास्क, लसीचे दोन डोस. मास्क हनुवटीवर आलेल्याला टोकलं की तो रुसणार. आणि हो, एक्झॉस्ट फॅन आम्ही बसवला होता. आवाज होतो म्हणून मेंबरच बंद करायचे.

ठाणे
दादा, डासवाले काका तुमच्याकडेही होते तर.