'ओखा': पान, पातं की पत्रा?

प्रश्न: स्पॅनिश शिकते आहे. 'ओखा' (स्पेलिंग एच-ओ-जे-ए) म्हणजे झाडाचं पान, एवढंच पाठ केलं होतं. आता दाढीचं ब्लेडही ओखा आणि दाराची झडपही ओखा. हे वेगवेगळे शब्द आहेत का?

प्रतिसाद: नाही हो, शब्द एकच. लॅटिनमध्ये 'फोलिउम' म्हणजे पान, अनेकवचन 'फोलिया'. शेवटी 'आ' ऐकू येतो म्हणून लोकांनी ते स्त्रीलिंगी एकवचन धरलं. पुढे स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा फ गेला, मागे नुसता मुका एच उरला. 'फारिना'चं आरीना (पीठ), 'फुमुस'चं उमो (धूर) झालं ते असंच. 'लिया'चा घशातला ख झाला.

आता अर्थ. पातळ आणि सपाट असेल ते ओखा. झाडाचं पान, कागदाचा ताव, चाकूचं पातं, दाराची झडप. यात मराठी माणसाला नवल वाटायला नको. संस्कृत 'पत्र'चा आपल्याकडचा गोतावळा बघा: टपालातलं पत्र, छपरावरचा पत्रा, चहाची पत्ती, गवताचं नि सुरीचं पातं. डब्याच्या पत्र्याला स्पॅनिशमध्ये ओखालाता म्हणतात, त्यातही ओखा आहेच.

कागदावरून पुढे फॉर्म आणि तक्ते आले. स्पेनमध्ये दुकानात, हॉटेलात 'ओखास दे रेक्लामासिओनेस' उपलब्ध असल्याची पाटी दिसते, म्हणजे तक्रारीचे फॉर्म. ओखा दे काल्कुलो म्हणजे स्प्रेडशीट. कोलंबियात नोकरीसाठी 'ओखा दे विदा' मागतात, शब्दशः आयुष्याचं पान, म्हणजे आपला बायोडेटा. स्पेनमध्ये त्यालाच कुर्रिकुलुम म्हणतील.

दुसरा प्रतिसाद: वरचं सगळं ठीक, पण मराठी लोक नेमके कुठे घसरतात ते राहिलं. आपण 'पान 20 उघडा' म्हणतो, म्हणून वर्गात ओखा 20 म्हणून मोकळे होतो. तिथे हवं 'पाखिना'. ओखा म्हणजे पाठपोट अख्खा कागद. एका ओखाच्या दोन पाखिना. आपलं 'पान' दोन्ही कामं करतं, त्यांचं करत नाही. पत्त्यांतलं पानही ओखा नव्हे, ते कार्ता. आणि जेवायला पानं घेताना तर हा शब्द काढूच नका!

खाण्यावरून आठवलं. मेक्सिकोत तामाल (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) मक्याच्या कणसाच्या सालीत बांधतात, तिलाही ओखाच म्हणतात. दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका राज्याकडे केळीचं पान वापरतात, म्हणजे आपल्या पानगीची लांबची बहीण. बोलिव्हियात नुसतं 'ओखा' म्हटलं तरी कोकाचं पान डोळ्यांपुढे येईल. 2009च्या त्यांच्या राज्यघटनेत कोकाला सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण आहे.

प्रश्नकर्ती: आभार! मग सोन्याच्या वर्खालाही ओखाच म्हणायचं ना?

पहिला प्रतिसादक: म्हटलं तर कळेल, पण रुळलेला शब्द आहे 'पान दे ओरो'. गंमत म्हणजे हा 'पान' आपला नव्हे. स्पॅनिश पान म्हणजे ब्रेड, लॅटिन 'पानिस'वरून. त्याचं पोर्तुगीज भावंड गोव्याकडून आपल्याकडे पाव होऊन आलं. मुलामा देणारे मात्र कुटून पातळ केलेल्या सोन्यालाही पानच म्हणतात.

दुसरा प्रतिसाद: आणखी एक खड्डा. 'ओखेआर' असं ऐकलंत तर लिहायच्या आधी थांबा. एच लावला तर पानं उलटत चाळणे, न लावला तर नजर टाकणे, कारण ते 'ओखो' (डोळा) वरून आलंय. उच्चार तंतोतंत एक. शुद्धलेखनात स्पॅनिश लोकही इथे चुकतात.

आणि एक वाक्प्रचार, मला फार आवडतो: एखाद्याला 'ओखा दे पेरेखिल', म्हणजे पार्स्लीच्या पानासारखं करून सोडणे. आपण याला बिनपाण्याने हजामत म्हणतो.