मदत हवी आहे: नाताळात कॅरिबियनमध्ये व्हिला, शाकाहारी जेवणाचं कसं जमवायचं?

मुग्धा_०७
नमस्कार. नाताळच्या सुटीत कॅरिबियनला व्हिला घेतलाय, २२ ते २९ डिसेंबर. आम्ही सहा जण, त्यात सासूसासरे आणि दोन मुलं (६ आणि ११). व्हिलावर स्वयंपाकाला बाई येतात, पण २५ आणि २६ ला त्यांची सुटी. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत आणि २४ ला त्यांचा मार्गशीर्षातला गुरुवार आहे. डाळी, कणीक, कढीपत्ता तिथे मिळेल की सगळं इथून न्यायचं? मिक्सर चालेल का? उरलेले पैसे भरायची मुदत उद्या संपतेय, त्यामुळे प्लीज लवकर सांगा. "एवढ्या लांब कशाला" हे सल्ले नकोत.

समीर_पुणेकर
कॅरिबियन म्हणजे नेमकं कुठलं बेट? जमैका ते त्रिनिदाद हे अंतर मुंबई-कोलकात्यापेक्षा जास्त आहे. आणि "इथून" म्हणजे कुठून? पुण्याहून की लंडनहून, त्यावर मिक्सरचं उत्तर बदलतं.

शुभदा_आत्या
मुग्धा, त्रिनिदादला जा. आम्ही पोर्ट ऑफ स्पेनला राहिलोय म्हणून सांगते. ३० मे १८४५ ला फतेल रझाक जहाजातून आपले पहिले मजूर तिथे उतरले, आज डाळपुरी, चण्याचे डबल्स रस्त्यावर मिळतात. शाकाहारी माणूस उपाशी राहायचा नाही. नाताळात पॅरांग गाणारी मंडळी घरोघरी येतात, स्पॅनिश गाणी, छोट्या गिटारसारखं क्वात्रो वाजवत. सासूबाईंना देवळातही जाता येईल.

मुग्धा_०७
आत्या, त्रिनिदाद नाही. अर्धे पैसे भरून झालेत. बार्बाडोस, होलटाउनजवळ. इथून म्हणजे न्यू जर्सी.

समीर_पुणेकर
हे आधी सांगायचं ना! मग मिक्सर अमेरिकेत घेतलेला असेल तर न्या, बार्बाडोसला ११५ व्होल्ट आणि प्लगही अमेरिकेसारखाच. सासूबाईंनी सांगलीहून वगैरे आणलेला २३० चा असेल तर तो नुसता घरघर करेल, चटणी होणार नाही.

मीनल_ब्रॅम्प्टन
आम्ही एका नाताळात त्याच किनाऱ्यावर होतो. सुपरमार्केट मोठी आहेत. मसूर, चणे, तांदूळ, मैदा, नारळ सगळं मिळतं. तूरडाळ, चपातीची कणीक, हिंग, गोडा मसाला घरूनच न्या. ताजा कढीपत्ता, विड्याची पानं बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात. वाळवलेला कढीपत्ता सीलबंद पाकिटात न्या. २५ आणि २६ दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्या, त्यामुळे किराणा २३ लाच भरा. २४ ला दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नळाचं पाणी थेट पिता येतं, प्रवाळाच्या चुनखडीतून गाळून येतं, बाटल्या विकत घेऊ नका.
एक महत्त्वाचं. जेवणात "राइस अँड पीज" म्हणून जो भात येतो त्यात बऱ्याचदा खारवलेलं मांस असतं, दिसत नाही. जग-जग नावाचा नाताळचा पदार्थ तुरीचे दाणे आणि ज्वारीचा, ऐकून वाटतं आपलाच, पण त्यातही मांस. स्वयंपाकाच्या बाईंना "व्हेजिटेरियन" एवढं सांगून थांबू नका. हॅम नाही, मासे नाहीत, अंडं नाही, असं एकेक नाव घेऊन सांगा. ग्रेट केकमध्ये रममध्ये मुरवलेला सुका मेवा आणि अंडी दोन्ही असतात.

कोकणी_माणूस
नीरफणस! बार्बाडोसला नीरफणस ढीगभर मिळतो. हळद, तिखट, मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवा आणि काप तळा, सासूबाई खूश. १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून रोपं आणली ती सेंट व्हिन्सेंट आणि जमैकात लावली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालायला, आणि तिथून सगळ्या बेटांवर पसरली. गुरुवारच्या कलशाला आंब्याचा टाळाही तिथे मिळेल, फक्त कुणाच्या अंगणातला असेल तर विचारून तोडा.

मीनल_ब्रॅम्प्टन
झाडांवरून आठवलं. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, खोडावर बहुतेक ठिकाणी लाल पट्टा रंगवलेला असतो. फळ हिरव्या सफरचंदासारखं, अतिशय विषारी. पावसात त्याखाली उभं राहिलं तरी ठिबकणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. सहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. आणि लष्करी छापाचे कपडे नेऊ नका. तिथे कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनाही.

पेंडसेकाका
ब्रिजटाउनला जाऊन केन्सिंग्टन ओव्हल न पाहता परत येऊ नका. १९९७ ला तिथे १२० धावा हव्या होत्या आणि आपण ८१ त सर्वबाद. सचिन कर्णधार होता, मला आजही त्या दिवसाचा त्रास होतो. आणि त्याच मैदानावर २९ जून २०२४ ला दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून रोहितने विश्वचषक उचलला. नातवंडांना सूर्यकुमारने झेल घेतला ती सीमारेषा दाखवा.

रोहन_के
काका, धागा जेवणाचा आहे. बाय द वे, व्हिलाच्या भानगडीत पडण्यापेक्षा क्रूझ घ्या. मायामीहून निघा, भारतीय जेवण आधी सांगितलं की मिळतं, ना किराणा ना भांडी.

मीनल_ब्रॅम्प्टन
तिला व्हिला हवाय. नाताळच्या पहाटे ब्रिजटाउनच्या क्वीन्स पार्कमध्ये लोक ठेवणीतले कपडे घालून येतात, पोलीस बँड वाजतो, सगळं शहर एकमेकांना भेटतं. ते जहाजावर कुठून मिळणार?

स्वानंद_ऑस्टिन
मुग्धा, मसाल्यांआधी एक प्रश्न. तुम्हा सगळ्यांचे पासपोर्ट कुठले आणि अमेरिकेचे व्हिसा कुठले? बार्बाडोसला जायला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, प्रश्न परत येण्याचा आहे.

मुग्धा_०७
मुलांचे अमेरिकन पासपोर्ट. सासूसासऱ्यांकडे दहा वर्षांचा बी-टू (पर्यटक व्हिसा), अजून चार वर्षं बाकी. नवरा एच-वन (नोकरीचा व्हिसा), मी एच-फोर (त्याच्या बायकोचा). एक्स्टेन्शन मंजूर आहे, त्याचं पत्र म्हणजे आय-७९७ आहे, सगळं व्यवस्थित. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का जूनमध्ये संपला, पण नवऱ्याने वाचलंय की जवळच्या बेटांवर ३० दिवसांच्या आत जाऊन आलं तर जुन्या शिक्क्यावर परत घेतात.

स्वानंद_ऑस्टिन
थांबा. पैसे भरू नका. ती सवलत एच-वन आणि एच-फोरला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. जवळच्या बेटांचा भाग फक्त एफ आणि जे व्हिसावाल्यांसाठी, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंजवाले. तुम्ही दोघं ब्रिजटाउनहून परतीच्या विमानात चढूच शकणार नाही. मुलं आणि आजी-आजोबा जातील, आईबाप मागे राहतील.

रोहन_के
इतकं घाबरवू नका हो. ब्रिजटाउनला अमेरिकेची वकिलात आहे. तिथेच शिक्का मारून घ्यायचा. माझ्या चुलतभावाने २०१९ मध्ये मेक्सिकोत तसंच केलं होतं.

स्वानंद_ऑस्टिन
२०१९ चं आता लागू नाही. सप्टेंबर २०२५ पासून व्हिसाचा अर्ज आपल्या देशात किंवा जिथे वास्तव्य आहे तिथेच करायचा असा नियम आहे. यांना भारतातच जावं लागेल. त्याच महिन्यापासून मुलाखतीशिवाय व्हिसा मिळायची सूटही बहुतेकांसाठी गेली. सहा माणसांची सुटी अशा भरवशावर लावू नये.

शुभदा_आत्या
अगं बाई. मग त्रिनिदादलाही तेच का?

स्वानंद_ऑस्टिन
हो आत्या, तेच. कॅनडा-मेक्सिको सोडून अमेरिकेबाहेर कुठेही पाऊल टाकलं की तेच. पण पोर्तो रिको आणि यू.एस. व्हर्जिन आयलंड्स चालतील, ती अमेरिकेचीच. पासपोर्ट, आय-७९७, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) सोबत ठेवा. व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट थॉमसहून परतताना कागद तपासतात, पोर्तो रिकोच्या सान हुआनहून फक्त फळं-भाज्यांसाठी बॅगा.

समीर_पुणेकर
व्हर्जिन आयलंड्समधलं सेंट जॉन घ्या. अर्ध्याहून जास्त बेट राष्ट्रीय उद्यान आहे, ट्रंक बेसारखा किनारा दुसरीकडे नाही.

मीनल_ब्रॅम्प्टन
सासूसासरे सोबत असताना सेंट जॉन नको. व्हिला डोंगरावर, रस्ते खडे चढाचे, गाड्या अमेरिकन डाव्या स्टिअरिंगच्या आणि चालवायच्या रस्त्याच्या डावीकडून. शिवाय सेंट थॉमसहून फेरी. आणि घरात पाणी पावसाचं, टाकीत साठवलेलं, सहा जणांच्या आंघोळी जपूनच कराव्या लागतात.

समीर_पुणेकर
डावीकडून तर आपण भारतात आयुष्यभर चालवली. एवढं काही अवघड नाही.

मुग्धा_०७
स्वानंद, नवऱ्याने वकिलाला विचारलं. तुमचं बरोबर आहे. रात्रभर झोप नाही लागली, पण पैसे भरले असते तर काय झालं असतं. खूप खूप आभार. व्हिलावाले भरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या तारखांना वळती करायला तयार झालेत. पोर्तो रिकोला त्याच तारखांना दोन घरं दिसतायत, एक रिंकोनला, एक काबो रोहोला. कुठलं? आजच सांगा.

कोकणी_माणूस
नीरफणस तिथेही मिळतो, पाना म्हणून मागा.

विद्या_ऑरलँडो
लहान मूल आहे तर काबो रोहो. डिसेंबरात रिंकोनच्या बाजूला मोठ्या लाटा येतात, लाटांवर स्वार होणारे त्यासाठीच तिथे जातात. काबो रोहोकडचं, नैर्ऋत्येचं पाणी शांत असतं, तिथल्या बोकेरोनला मुलं गुडघाभर पाण्यात तासन् तास खेळतात. घर घेण्याआधी जनरेटर किंवा सौर बॅटरी आहे का आणि पाण्याची टाकी आहे का, हे लेखी विचारा. २०१७ च्या मारिया वादळापासून तिथली वीज बेभरवशाची आहे, ३१ डिसेंबर २०२४ ला जवळजवळ अख्खं बेट अंधारात होतं. तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात नाताळात घरोघरी असतो, पण बहुतेकदा डुकराच्या मांसात. डबाबंद दाणे मात्र कुठल्याही दुकानात मिळतात, गोडा मसाला घालून तोच भात घरी करा, गुरुवारच्या नैवेद्यालाही चालेल. व्येकेस बेटावरच्या रात्री चमकणाऱ्या खाडीची सहल काढायचा मोह होईल, तो या वेळी सोडा. यंदा पौर्णिमा २३-२४ ला येतेय, चांदण्यात पाण्यातला उजेड दिसत नाही.

पेंडसेकाका
आणि पुढच्या वर्षी शिक्का घेऊन बार्बाडोस नक्की करा. केन्सिंग्टन ओव्हलबाहेर सर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे, त्याचा फोटो इथे टाका.