मदत हवी आहे: सव्वापाच इंची फ्लॉपीतलं जत्रेचं नाटक बाहेर कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळच्या आमच्या गावच्या घरी चवथीआधी माळा झाडताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा फ्लॉप्या सापडल्या. चार साडेतीन इंची, सात जुन्या, मोठ्या, वाकणाऱ्या. मोठ्यांतल्या एकीवर बाबांच्या अक्षरात ‘जत्रा नाटक, अंक १ ते ३, शेवटचे’ असं लिहिलंय. ‘शेवटचे’खाली दोन रेघा. म्हणजे एकाच फाइलच्या चार ‘शेवटच्या’ प्रती ठेवायची खोड तेव्हापासूनची.

बाबांनी १९९३ साली गावच्या जत्रेसाठी तीन अंकी नाटक लिहिलं. एकच प्रयोग झाला. त्यांच्या कचेरीतल्या पीसीत सीडॅक या सरकारी संस्थेचं, भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड होतं, त्यामुळे डॉसवरच्या वर्डस्टारमध्ये मराठी टाइप व्हायचं. सुटीच्या दिवशी साहेबांची परवानगी काढून मला बरोबर न्यायचे. चपला दाराबाहेर काढायच्या आणि एसीत कुडकुडत बसायचं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, म्हणून बाबा त्याला ‘पेटी वाजवणं’ म्हणत. डॉट मॅट्रिक्स किरकिरत पानं ओकायचा आणि कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडायचा मान माझा. त्या पट्ट्या मी साठवून ठेवायचो, कशासाठी ते देव जाणे.

ती छापील प्रत वाळवीने खाल्ली. यंदा गावातल्या पोरांना तेच नाटक पुन्हा बसवायचंय. बाबांना पहिला अंक पाठ आहे. दुसरा ते रोज वेगळा सांगतात.

यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. साडेतीन इंचीतल्या तीन वाचल्या (नोकरीचे अर्ज, एक गेम, माझा दहावीचा निबंध). चौथी घातल्यावर विंडोज विचारतं, फॉरमॅट करू का? घाबरून काढून घेतली. मोठी फ्लॉपी त्यात शिरायचा प्रश्नच नाही. एका दुकानदाराने ‘टाका हो, त्यात काय मावणार’ म्हणून हसून परत पाठवलं. ३६० केबी मावतात, साहेब. अख्खं नाटक बसून वर जागा उरते.

खरी काळजी वेगळीच आहे. मधल्या भोकात बोट घालून तबकडी हळूच फिरवली, तर खिडकीतून पांढरे ठिपके सरकताना दिसतात. गोव्यातले तीस पावसाळे खाल्लेत तिने. ही बुरशी पुसायची कशाने? १.२ एमबीचा जुना ड्राइव्ह मिळाला तर ३६० ची फ्लॉपी त्यात वाचता येईल का? आणि फाइल मिळालीच, तर ती मराठी आजच्या युनिकोडमध्ये कशी आणायची?

प्रतिसाद:

आधी एक करा: ती फ्लॉपी कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशीवरून हेड (ड्राइव्हचा वाचणारा-लिहिणारा भाग) घासलं की वरचा थर खरवडला जातो, आणि घाण झालेलं हेड पुढच्या फ्लॉपीचीही वाट लावतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याला जेमतेम लावा, खिडकीतून दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसत तबकडी फिरवत राहा. पूर्ण वाळू द्या. बुरशी जास्त असेल तर कव्हरची एक कड कापून तबकडीच बाहेर काढावी लागेल. सराव बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीवर करा.

१.२ चा ड्राइव्ह ३६० ची फ्लॉपी वाचतो. तिच्यावर एका बाजूला ४० ट्रॅक, ड्राइव्ह ८० वाला, त्यामुळे हेड दोन-दोन पावलं टाकतं. लिहायला मात्र जाऊ नका, त्याचं हेड अरुंद. कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावून टाका, मग लिहिताच येत नाही. (साडेतीन इंचीत उलटं: भोक उघडं असलं की लिहिणं बंद.)

तो ड्राइव्ह थेट यूएसबीला लागत नाही. ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड मध्ये लागतं, ड्राइव्हला ५ आणि १२ व्होल्टचा वेगळा सप्लाय लागतो. आधी पूर्ण फ्लॉपीची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल एका फाइलीत काढा, पुढची सगळी खटपट तिच्या प्रतीवर.

जिस्टचा मजकूर बहुधा इस्कीत (भारतीय लिप्यांसाठीची युनिकोडआधीची कोड पद्धत) असेल. मग तुमचं नशीब चांगलं, कारण इस्कीत अक्षराला कोड आहे. नुसत्या फॉन्टवर चालणाऱ्या मराठीत अक्षराच्या तुकड्यांना असायचा, आणि दर फॉन्टचा वेगळा. आयसीयू नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीत इस्की ते युनिकोड रूपांतर तयार आहे. वर्डस्टारची स्वतःची चिन्हं मध्येमध्ये दिसतील, ती हाताने काढा.

धागाकर्ता:

फार आभारी आहे. खाचेवर पट्टी लावली. निबंधाच्या फ्लॉपीवर पुसायचा सराव करणार होतो, पण ती साडेतीन इंची, आणि बायकोला तो निबंध वाचायचाय. दुसरी शोधतो.

मडगाव, म्हापसा, वास्को, कुठेही कोणाच्या अडगळीत १.२ चा चालू ड्राइव्ह असेल तर कळवा, मी येऊन नेतो आणि परत आणून देतो. तालमी दिवाळीनंतर सुरू होतील. बाबांना अजून काही बोललो नाही. काल रात्री त्यांनी दुसऱ्या अंकात एक नवा मामलेदार घातलाय.